एका रात्रीचा अल्बम : प्रस्तावना

स्वतःच्या खर्चाने अल्बम काढायला निघालेल्या माणसाला जो भेटेल तो आधी स्टुडिओ कुठला, माइक कोणता आणि एकूण खर्च किती, एवढेच विचारतो. शब्द कुणाचे, ते कोणत्या प्रतीवरून घेतले, तिसरे गाणे तिसरेच का ठेवले, चांगले उतरलेले कोणते गाणे काढून टाकले, मागे झील धरणाऱ्यांची नावे कुठे येणार, हे प्रश्न सहसा कुणाला सुचत नाहीत. अल्बमचे मोठे काम याच प्रश्नांत असते, असे माझे मत आहे आणि पुढच्या सगळ्या विवेचनाचा आधार तोच आहे. गाणे मुद्रित करणे हा त्या कामातला एक टप्पा. त्याच्या आधी निवड, पाठशुद्धी, हक्क आणि क्रम येतात. त्याच्या नंतर काटछाट, दुवे, श्रेय आणि हिशेब. या साऱ्याला मिळून संपादनच म्हणावे लागेल. ग्रामोफोन कंपन्यांच्या काळात ते अनेकांत वाटलेले असे. गाणी पसंत करणारा अधिकारी वेगळा, वादक जमवणारा वेगळा, मुद्रणाला बसणारा तंत्रज्ञ वेगळा, वेष्टनावरचा मजकूर लिहिणारा वेगळा. आज कंपनीवाचून अडत नाही, यंत्रे घरातल्या एका टेबलावर मावतात आणि ही सगळी कामे एकाच माणसाच्या डोक्यावर आली आहेत. त्यांतली निम्मी आपल्याकडे आली आहेत याचीही अनेकांना कल्पना नसते. म्हणून ती राहून जातात आणि अल्बमऐवजी सुटी गाणी एका चित्राखाली गोळा झालेली दिसतात.

हे म्हणणे एका ठरावीक विषयावर तपासून पाहिलेले बरे, म्हणून पन्हाळा घेतो. कोल्हापूरपासून जेमतेम वीस किलोमीटरवरचा हा गड शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस उभारला. अफझलखानाच्या वधानंतर अठराच दिवसांनी, नोव्हेंबर १६५९ मध्ये, तो शिवाजी महाराजांनी घेतला आणि पुढच्या मार्चमध्ये सिद्दी जौहरने त्याला वेढा घातला. राजापूरच्या वखारीतला इंग्रज हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन वेढ्यात सामील झाला. बाहेरून वेढा फोडण्याचा नेताजी पालकरांचा प्रयत्न फसला. पावसाळा लागला तरी वेढा उठेना. शेवटी आषाढी पौर्णिमेच्या रात्री महाराज निसटले, शिवा काशीद त्यांचे सोंग घेऊन शत्रूच्या हाती गेले आणि घोडखिंडीत बाजीप्रभू पडले. हा इतिहास मराठी वाचकाला सांगावा लागत नाही. लक्ष द्यायला हवे ते दुसऱ्याच गोष्टीकडे. गाण्यांत, पोवाड्यांत आणि चित्रपटांत या प्रसंगाची जवळजवळ सगळी जागा शेवटच्या रात्रीने, त्यातही खिंडीने, घेतलेली आहे. चार महिन्यांचा वेढा दोन ओळींत उरकतो. अंबारखान्याच्या गंगा, यमुना आणि सरस्वती या कोठारांतले धान्य खाली खाली जात असताना गडावर काय चालले असेल, शरण येण्याची बोलणी लावून शत्रूला कसे गाफील केले, ज्याला आपण मरायला चाललो आहोत हे पक्के ठाऊक होते त्या माणसाने पालखीत पाय कसा ठेवला असेल, याला गाण्यात जागा मिळालेली नाही. कारण साधे आहे. सुटे गाणे प्रसंगाच्या टोकावरच उभे राहू शकते. वाट पाहणे, कंटाळा, भीती, निश्चय या पायऱ्या दाखवायला त्याला वेळ नसतो. पन्नास मिनिटांच्या अल्बमला तो असतो, आणि तो वेळ कुणाला किती द्यायचा हे ठरवणे हे अल्बमचे पहिले काम. नऊ गाण्यांपैकी नऊही वीररसाची असली तर तिसऱ्या गाण्यानंतर खिंड ऐकूनही अंगावर काटा येणार नाही. युद्ध सातव्या गाण्यापर्यंत थोपवून धरण्याचे धैर्य लागते, आणि तोवर ऐकणाऱ्याला धरून ठेवणारी सहा गाणी लागतात.

असे काम मराठीत झालेले आहे. शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, १९७४ मध्ये, ‘शिवकल्याण राजा’ आला. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे, मुख्य स्वर लता मंगेशकरांचा, निवेदन बाबासाहेब पुरंदरे यांचे. यातली जवळजवळ सगळी काव्ये आधीपासून अस्तित्वात होती, आणि तीही एका काळातली नव्हेत. समर्थ रामदास आणि कवी भूषण सतराव्या शतकातले, गोविंदाग्रज विसाव्याच्या आरंभीचे, सावरकर आणि कुसुमाग्रज त्यानंतरचे. भूषणाची भाषा व्रज, बाकीच्यांची मराठी, आणि त्या मराठीचेही किती थर! ही काव्ये नुसती एकामागून एक लावली असती तर शाळेच्या स्नेहसंमेलनाचा कार्यक्रम झाला असता. ती एकाच माणसाच्या आयुष्याच्या क्रमाने बसवली, मधल्या फटी निवेदनाने बुजवल्या आणि रणाच्या गाण्यांच्या सोबतीला अंगाईला जागा दिली, म्हणून ते एकसंध झाले. पन्हाळ्याच्या परिसराचा तर त्यावर विशेष हक्क आहे. बाजीप्रभूंवरची आणि प्रतापराव गुजरांवरची, अशा कुसुमाग्रजांच्या दोन कविता त्यात आहेत. बाजीप्रभू पडले ती घोडखिंड, म्हणजे आजची पावनखिंड, शाहूवाडी तालुक्यातली; प्रतापराव पडले ती नेसरी गडहिंग्लज तालुक्यातली. दोन्ही ठिकाणे आजच्या कोल्हापूर जिल्ह्यात. लताबाईंचा पन्हाळ्यावर बंगला होता, भालजी पेंढारकरांच्या कोल्हापुरी चित्रपटांना ‘आनंदघन’ या नावाने त्यांनी संगीत दिले होते. या मुलखाची बोली आणि चाल त्यांना परकी नव्हती. पण इथे महत्त्वाची आहे ती निवडीमागची दृष्टी. तीनशे वर्षांच्या काव्यातून काय घ्यायचे आणि किती मोठे, गाजलेले काव्य बाजूला ठेवायचे, हे कुणीतरी बसून ठरवले. त्या अल्बमच्या पाठीशी मोठी ग्रामोफोन कंपनी होती हे खरे. मुद्रण, छपाई, दुकानापर्यंतची वाहतूक हा भार तिने उचलला. दृष्टी मात्र कंपनीच्या गोदामात मिळत नाही. आजच्या स्वतंत्र कलावंताला भार उचलणारे कुणी नाही, ही त्याची अडचण मान्य करूनही दृष्टीच्या बाबतीत त्याची कुणी अडवणूक केलेली नाही, हे सांगितलेच पाहिजे.

दुसरा दाखला ‘गीतरामायणा’चा. ग. दि. माडगूळकर आणि कोल्हापुरात जन्मलेले सुधीर फडके यांनी १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे आकाशवाणीसाठी ५६ गीते केली. रेडिओवर ती वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायिली, कारण पात्रे वेगळी होती आणि आठवड्याला एक गीत ऐकणाऱ्याला दर वेळी नवा आवाज चालत होता, किंबहुना हवा होता. पुढे तबकड्या निघाल्या तेव्हा सगळी गीते फडक्यांच्या एकाच आवाजात आली. सलग ऐकताना कथा सांगणारा एक असावा लागतो. गीते तीच, चाली त्याच, माध्यम बदलले आणि कोणी गायचे याचा निर्णय बदलला. याच जातीचा विचार बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी मैफलीत केला. ‘गीतवर्षा’, ‘तुकाराम दर्शन’, ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हे त्यांचे कार्यक्रम म्हणजे एका सूत्राभोवती केलेली निवड होती, आणि त्या निवडीमागे वाचन होते. चांगला गळा असलेली माणसे त्या काळीही पुष्कळ होती. एका विषयापाशी इतका काळ थांबणारी फारशी नव्हती.

पूर्वी हे संपादन थोडेफार माध्यमच करून देत असे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे. मैफलीत तासभर राग मांडणाऱ्या गायकांना ती मुदत जाचक वाटे. कोल्हापूर दरबारचे अल्लादियाखाँ यांनी गायनाचा एवढा मोठा वारसा मागे ठेवला, पण त्यांचे गाणे तबकडीवर राहिले नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी मात्र त्या साडेतीन मिनिटांत भैरवी अशी बसवली की १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीबाहेर पाठवण्यासाठी निवडलेल्या संगीतात ती गेली. पुढे लाँग प्ले आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटे. म्हणजे अल्बमला दोन अंक झाले आणि पहिला अंक कुठे संपवायचा, तबकडी उलटताना ऐकणाऱ्याच्या मनात काय राहू द्यायचे, याचा विचार आला. कॅसेटने हीच रचना पुढे चालवली. सीडीला ७४ मिनिटे मिळाली तेव्हाच सैलपणाची सुरुवात झाली, आणि आता इंटरनेटवर मर्यादाच उरलेली नाही. मर्यादा गेली म्हणून ज्याला मोकळे वाटते त्याने हेही ध्यानात घ्यावे, की आता ‘पुरे’ म्हणणारे दुसरे कुणी राहिलेले नाही. ते स्वतःला म्हणावे लागते, आणि आपल्याच गाण्याला म्हणणे फार अवघड असते.

आता प्रत्यक्ष कामाकडे. सुरुवात शब्दांपासून होते, आणि पन्हाळ्यासारख्या विषयात ती कागदपत्रांपासूनच व्हायला हवी. त्या रात्रीचे सगळे तपशील सगळ्या साधनांत सारखे नाहीत. परमानंदाचे ‘शिवभारत’, शकावल्या, बखरी आणि मागून आलेल्या दंतकथा यांचा स्वर वेगवेगळा आहे. बरोबर सहाशे मावळे होते, तोफांचे आवाज इतके झाले, असे आपण ठासून सांगतो त्यातला कोणता भाग समकालीन कागदांवर उभा आहे आणि कोणता परंपरेने जपला, हे गाणाऱ्याला माहीत असले पाहिजे. परंपरेचा भाग गाऊच नये असे मी म्हणत नाही. शाहीर इतिहासाचा प्रबंध लिहीत नसतो. पण निवेदनात आणि सोबतच्या टिपणात तो भेद ठेवता येतो, आणि तो ठेवला की गाण्याचे वजन वाढते. पारंपरिक पोवाड्यांचे पाठही तपासावे लागतात. ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा मोठा संग्रह छापला, त्यामुळे अनेक रचनांचे एक रूप हाती आहे. पण छापील रूप आणि शाहिरांच्या तोंडी असलेले रूप यांत अंतर पडते. कुठले घ्यायचे? माझ्या मते तोंडी असलेले गावे आणि छापलेले शेजारी ठेवून तपासावे. तोंडी पाठात चालीचे ज्ञान साठलेले असते, छापील पाठात जुना शब्द टिकलेला असतो. एखादी ओळ ठेक्यात बसत नाही म्हणून परस्पर बदलून टाकणे हा आळस आहे.

त्यानंतर हक्क. या टप्प्याला बहुतेक स्वतंत्र अल्बम कच्चे राहतात. कवीच्या निधनानंतर साठ वर्षे त्याच्या शब्दांवर त्याच्या वारसांचा हक्क असतो. गोविंदाग्रज १९१९ मध्ये गेले. त्यांच्या कविता आज कुणालाही गाता येतात. सावरकरांचा बाजीप्रभूंवरचा पोवाडा घ्यायचा तर कायद्याच्या हिशेबाने ही मुदत २०२६ च्या अखेरीस संपते. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत परवानगीवाचून त्यांची कविता मुद्रित करता येणार नाही. आधीच मुद्रित झालेले गाणे पुन्हा गाऊन काढण्याची वाट कायद्यात आहे, पण ती लहान माणसाच्या बेताची नाही. पहिल्या मुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे जावी लागतात, आधी सूचना द्यावी लागते आणि प्रत्येक रचनेमागे वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी भरावी लागते. एखाद्या भाषेतल्या संभाव्य खपाचा विचार करून हा आकडा खाली आणण्याचा अधिकारही त्याच कलमात ठेवला आहे. म्हणजे मराठीसारख्या भाषांची अडचण कायदा करणाऱ्यांना दिसली होती. व्यवहारात सरळ मार्ग एकच, की हक्कधारकाला पत्र लिहावे, काय गाणार आणि कुठे वाजणार हे स्पष्ट सांगावे आणि लेखी होकार घ्यावा. याला महिने जातात. तेवढा वेळ कामाच्या वेळापत्रकात धरलेला नसला तर मुद्रण होऊन पडते आणि अल्बम निघत नाही.

मुद्रणाविषयी थोडे बारकाईने बोलायला हवे, कारण यंत्रे स्वस्त झाल्याने काम सोपे झाले हा समज इथेच तपासता येतो. पोवाड्याचा ताफा म्हणजे शाहीर, डफ, तुणतुणे, झांज आणि झीलकरी. मैदानात हा ताफा हजार माणसांना ऐकू जातो. बंद खोलीत तोच एकमेकांवर तुटून पडतो. झांजेचा आवाज प्रत्येक माइकात शिरतो. डफाची थाप शाहिराच्या माइकात घुमते आणि मग शाहिराचा आवाज वाढवला की डफही वाढतो. शाहीर गाताना स्थिर उभा राहत नाही. तो माइकजवळ आला की आवाजातला खर्ज फुगतो, मागे गेला की शब्द पातळ होतात. उपाय म्हणून सगळ्यांना वेगवेगळे मुद्रित केले तर प्रत्येक ट्रॅक स्वच्छ येतो, पण झीलकऱ्यांची ‘जी जी’ शाहिराच्या तोंडाकडे बघून उचललेली राहत नाही. तिच्यातला हुंकार जातो. त्यातून क्लिक ट्रॅक. ठरावीक गतीचा ठोका कानात ठेवून गायले की पुढची जुळवाजुळव सोपी होते, म्हणून सर्रास तो वापरतात. पोवाड्याची लय मात्र शाहिराच्या दमावर चालते. कथा खिंडीकडे सरकते तशी ती चढते, मृत्यूच्या कडव्याला अर्ध्यावर थांबते, बोलून झाल्यावर पुन्हा उचलली जाते. क्लिकवर गायलेला पोवाडा कवायतीसारखा लागतो. म्हणून माझे मत असे, की शाहीर आणि डफ एका खोलीत, एकमेकांना दिसतील असे, क्लिकशिवाय मुद्रित करावेत. झांज काचेपलीकडे बसवावी. झीलकऱ्यांना एकाच माइकाभोवती उभे करावे आणि त्यांच्यातला तोल बटणांनी साधण्याऐवजी माणसांना एकेक पाऊल मागेपुढे करून साधावा. याला संपूर्ण टेक चांगला यावा लागतो. चुकलेला एकच शब्द मध्येच पुन्हा मुद्रित करून, म्हणजे पंच मारून, भागत नाही, कारण त्या शब्दामागचा डफही तुटतो. टेकची संख्या वाढते, घसा दमतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागते. पावसाळ्यात तर कातड्याचा डफ उतरतो; दर दोन टेकमागे तो शेकावा लागतो, आणि शेकल्यावर पहिली काही मिनिटे तो चढा बोलतो. प्लॅस्टिकच्या पडद्याचा डफ हवेला दाद देत नाही, पण त्याची थाप कोरडी असते. खोलीच्या हवेसकट हे सारे जो सांभाळतो तो ध्वनिमुद्रक अल्बमचा अर्धा कर्ता असतो.

गडाचा आवाज हवा असेल तर त्यालाही रीत आहे. कोठाराच्या कमानीखाली टाळी किंवा फुगा फोडल्याचा आवाज मुद्रित करून त्या जागेची घुमक संगणकात उतरवता येते आणि स्टुडिओतल्या आवाजाला ती लावता येते. गड संरक्षित आहे, २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तेव्हा उपकरणे घेऊन जाण्याआधी परवानगीचा अर्ज ओघाने आलाच. पण एवढे करून ती घुमक सगळ्या गाण्यांना फासली तर मेहनत पाण्यात. पालखी निघते त्या एकाच ठिकाणी ती यावी. शेवटच्या मास्टरिंगमध्येही हाच संयम लागतो. आपले गाणे शेजारच्या गाण्यापेक्षा मोठे वाजावे म्हणून आवाज दाबून दाबून चढवण्याची सवय जात नाही. स्पॉटिफायसारखी सेवा तर सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस या एका पातळीवर आणूनच वाजवते. चढवलेला मोठेपणा तिथे काढून घेतला जातो, आणि शाहिराच्या कुजबुजीत आणि आरोळीत जे अंतर होते ते तेवढे कायमचे गेलेले असते.

इथे जाणकारांचा एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. पोवाडा ही उत्स्फूर्त कला, समोरच्या गर्दीकडे बघून वाढणारी आणि आटणारी. तिला इतके घासूनपुसून ठेवले की तिचा जीव जातो, असे ते म्हणतात. त्यातले खरे एवढेच, की मुद्रण कधीच मैदानाची जागा घेणार नाही. पण उत्स्फूर्तता आणि परिश्रम यांचे वैर मानणे आपल्याच परंपरेला धरून नाही. ज्या कवीचा जन्मच १७२९ मध्ये या पन्हाळ्यावर झाला, त्या मोरोपंतांनी एकशे आठ रामायणे रचली. प्रत्येकात नवे बंधन घातले. एकात तर ओठांनी उच्चारायची अक्षरेच वापरली नाहीत. त्यांना पंडिती कवी म्हणून नाके मुरडणारे पुष्कळ झाले. तरी त्यांच्या आर्या कीर्तनकारांनी गावोगाव नेल्या, ज्यांना बंधनाचा पत्ता नव्हता त्या श्रोत्यांच्या तोंडी त्या बसल्या. बांधेसूदपणा होता म्हणून त्या पाठ राहिल्या. शाहिराची उत्स्फूर्तताही उघड्यावर पडलेली नसते. शेकडो कडवी पाठ असतात, चाली ठरलेल्या असतात, म्हणून समोरचा श्रोता पाहून तो हवे ते कडवे उचलू शकतो. अल्बममध्ये गर्दी नसते. तिच्या जागी कुणीतरी कान देऊन बसावे लागते आणि ‘हे पुन्हा घ्या’ म्हणावे लागते.

दुसरा आक्षेप बाजाराचा. अल्बम ऐकतो कोण? आज माणसे एक गाणे, त्यातही अर्धे, ऐकून पुढे जातात. हे नाकारण्यात अर्थ नाही. स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजले की एक ऐकणे मोजले जाते, आणि २०२४ पासून वर्षभरात हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला तिथे मुद्रणाचा पैसाच मिळत नाही. या नियमांनी गाण्याची रचना वाकते आहे. पोवाड्याचे नमन, शाहिराचा मुजरा, डफाची संथ सुरुवात यांना पहिल्या तीस सेकंदांत जागा कशी मिळावी? तेव्हा या मार्गाने खर्च निघेल असा हिशेब मांडून अल्बमला हात घालू नये. तो निघणे कठीण आहे. पण ऐकणारे नाहीत हा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही. कॅसेट आली तेव्हाही मोठ्या कंपनीच्या कानाबाहेरचा श्रोता अचानक दिसू लागला होता. १९८० च्या दशकात लहान लहान कॅसेट कंपन्यांनी भीमगीते, लोकगीते, जलसे गावोगाव पोहोचवले. ग्रामोफोन कंपनीच्या यादीत ज्यांना जागा नव्हती असे किती गायक त्यातून घराघरांत गेले. पुण्यात अलूरकर म्युझिक हाउसने खाजगी मैफलींची मुद्रणे कॅसेटवर आणली. ती घेणारा वर्ग लहान होता, पण जपून ठेवणारा होता. पन्हाळ्याच्या विषयाला तसा श्रोता कुठे आहे हे शोधायलाही लांब जायला नको. दरवर्षी जुलैत पन्हाळा ते पावनखिंड अशा पदभ्रमंतीच्या मोहिमा निघतात. लांबलचक वाट, मसाई पठाराचा पाऊस, आणि चालणाऱ्यांत शाळकरी मुलांपासून साठीच्या माणसांपर्यंत सगळे. त्यांना पन्नास मिनिटांचे ऐकणे जड जाणार नाही. गावचे ग्रंथालय, शाळा, मंडळांचे उत्सव आणि प्रत्यक्ष प्रयोग या वाटांनी अल्बम गेला तर त्याचा पैसाही थोडाथोडा परत येतो. मात्र यासाठी अल्बमसोबत छापलेली पुस्तिका हवी. तिच्यात काव्य, त्याचा आधार, गडाचा नकाशा आणि गाणाऱ्यांची ओळख असावी. फोनच्या पडद्यावरच्या चौकोनी चित्रात हे मावत नाही.

तिसरी शंका कलावंतांकडूनच येते आणि ती मला सगळ्यांत जवळची वाटते. एवढे सगळे एका माणसाने करायचे तर गाणार कधी? याचे उत्तर कामाची वाटणी हेच आहे. कंपनी नसणे म्हणजे एकटे असणे, ही समजूत स्वतंत्र संगीताला फार महागात पडली आहे. पाठ तपासायला इतिहासाचा किंवा मराठीचा अभ्यासक, क्रमावर बोट ठेवायला या गाण्यांत ज्याचा जीव गुंतलेला नाही असा एक कान, करारासाठी कायदा जाणणारा, एवढी तीन माणसे कोल्हापुरात मिळणे अवघड नाही. ज्या शहरात १८८३ पासून देवल क्लबसारखी संस्था संगीतासाठी उभी आहे, १९२९ मध्ये प्रभातसारखी कंपनी चार-पाच जणांच्या भागीदारीतून निघाली, तिथे एकत्र येऊन काम करण्याची परंपरा शिकवावी लागू नये. गाणाऱ्याने संपादनाचा अंतिम निर्णय स्वतःकडे ठेवावा. पण त्या निर्णयापर्यंत नेणारी भांडणे करायला माणसे जमवावीत. ज्या अल्बमात प्रत्येक गोष्ट एकाच माणसाला पसंत पडली आहे तो बहुधा लांबलेला असतो.

राहिला श्रेयाचा भाग, आणि तो मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण प्रत्यक्षातही तो शेवटी ढकलला जातो आणि मग राहतोच. डफ वाजवणारा, तुणतुणे धरणारा, झीलकरी, ध्वनिमुद्रक यांना रोख मानधन दिले की संपले असे समजतात. कायद्याने वादन-गायन करणाऱ्या प्रत्येकाला आपल्या सादरीकरणावर पन्नास वर्षांचा हक्क आहे. मुद्रणाच्या आधीच एका पानावर लिहून घ्यावे: कोण काय वाजवणार, मानधन किती आणि कधी, पुढे पैसा आला तर वाटा किती, नाव कसे लिहायचे. प्रत्येक मुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. गाणे जगात कुठेही वाजले तरी त्या क्रमांकावरून ते ओळखता येते, आणि त्यासोबत भरलेल्या माहितीतून त्याचे धनी कळतात. अल्बम चढवताना त्या माहितीच्या रकान्यांत बहुतेक जण फक्त गायक-संगीतकार लिहून मोकळे होतात. जुन्या ७८ च्या तबकड्यांवर तबलजी आणि सारंगिये कोण होते याचा आज अभ्यासक शोध घेत बसतात, कारण लेबलावर ते छापलेच नव्हते. आता रकाना आहे, जागा आहे, छपाईचा खर्चही नाही. झील धरणाऱ्या चौघांची पूर्ण नावे, गावांसकट, त्यात भरायला दहा मिनिटे लागतात.